वाऱ्याचा आकडा खरा असावा म्हणून झटलेल्या ॲना मणी

मे-जून उजाडला की रावेर-यावलच्या केळी उत्पादकाचा एक डोळा आभाळाकडे आणि एक मोबाईलवर असतो. ॲप सांगतं, वारा ताशी १८ किलोमीटर. संध्याकाळी वादळ येतं आणि घडांसकट बाग आडवी! मग ॲप खोटं का? हा प्रश्न आला की मी आधी ॲना मणींची गोष्ट सांगतो.

हिऱ्यांकडून हवामानाकडे

ॲना मणींचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ चा, आजच्या केरळातल्या पीरमेडूचा. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांवर संशोधन केलं. प्रबंध पूर्ण झाला, पण एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. १९४५ मध्ये शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला गेल्या. ओढ भौतिकशास्त्राची होती, शिष्यवृत्ती मिळाली हवामानाच्या उपकरणांसाठी. त्या तीच विद्या मन लावून शिकल्या.

१९४८ मध्ये त्या हवामान खात्यात पुण्याला रुजू झाल्या. तेव्हा बरीचशी उपकरणं परदेशातून यायची. मणींनी शंभराच्या आसपास उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशातच बनवायला सुरुवात केली. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, ही त्यांची ठाम भूमिका होती.

एवढा हट्ट कशासाठी?

वारा मोजायचं साधं यंत्र म्हणजे खांबावर फिरणाऱ्या तीन-चार वाट्या. बेअरिंगमध्ये धूळ बसली की वाट्या जड फिरतात. वारा खरा, आकडा कमी, आणि कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून मोजणीचे नियम ठरलेले आहेत:

- वेग: मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवर, काही मिनिटांची सरासरी.
- झोत: साधारण ३ सेकंदांत आलेला सर्वात जोराचा झटका. सरासरी २० असताना झोत ४० चाही असू शकतो.
- दिशा: वारा जिकडून येतो ती. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा.

आणखी एक गणित. वेग दुप्पट झाला की झाडावरचा दाब चौपट होतो. केळीचं खोड मोडतं ते झोताने, सरासरीने नाही. शिवाय ॲपचा अंदाज कित्येक किलोमीटरच्या चौकोनासाठी असतो. एका शिवारावर कोसळणारं वळवाचं वादळ त्यात निसटू शकतं.

निवृत्तीनंतरही वाराच

विक्रम साराभाईंच्या विनंतीवरून मणींनी थुंबा रॉकेट केंद्रावर हवामान वेधशाळा आणि उपकरणांचा मनोरा उभारला. १९७६ मध्ये त्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या, पण घरी बसल्या नाहीत. बंगळूरला वाऱ्याचा वेग आणि सौरऊर्जा मोजणाऱ्या उपकरणांचा कारखाना काढला. देशभरातल्या वाऱ्याच्या नोंदींचा त्यांचा ग्रंथ १९८३ मध्ये आला.

त्याचं मोल धुळे जिल्ह्यात कळतं. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर आज पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणजे वेग मोजताना १० टक्के चुकलं, तर ऊर्जेचा हिशेब सुमारे ३० टक्के चुकतो. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरमला मणी गेल्या, तोवर देशात पवनऊर्जा रुजू लागली होती.

आपण काय करायचं?

ॲपमध्ये वेगाच्या शेजारचा झोताचा आकडा आधी बघा. आकडा नॉटमध्ये असेल तर १.८५ ने गुणा, ताशी किलोमीटर मिळतील. वादळाचा इशारा असेल तर सरासरी कमी दिसली तरी घडाच्या झाडांना टेकू द्या.

केळीच्या हवामान आधारित विम्यात वाऱ्याची भरपाई ताशी ४० किलोमीटरच्या वेगाशी जोडलेली आहे, आणि तो वेग ठरतो महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून. तेव्हा आपल्या मंडळातलं केंद्र एकदा जाऊन बघा. खांबाला झाडाची किंवा इमारतीची आड नाही ना? वाट्या मोकळ्या फिरतात ना? शंका आली तर हंगामाआधीच कृषी कार्यालयात लेखी कळवा. बाग पडल्यावर आकडा दुरुस्त होत नाही.