जॉन रिपली फ्रीमन

जॉन रिपली फ्रीमन (जन्म : २७ जुलै १८५५, वेस्ट ब्रिजटन, मेन, मृत्यू : ६ ऑक्टोबर १९३२, प्रॉव्हिडन्स, ऱ्होड आयलंड) हे अमेरिकन स्थापत्य व जलगतिकी अभियंता होते. आग विझविण्यासाठी किती पाणी, किती दाबाने आणि किती जाडीच्या नळातून न्यावे लागते, हे अंदाजाऐवजी मोजमापाने ठरविणाऱ्या आद्य अभियंत्यांत त्यांची गणना होते.

== शिक्षण व उमेदवारी ==

मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतून १८७६ मध्ये पदवी घेतल्यावर ते लॉरेन्स येथील एसेक्स कंपनीत हायरम मिल्स यांचे सहायक झाले. मेरिमॅक नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या तेथील कापड गिरण्यांना पाणी मोजून पुरविणे हा कंपनीचा व्यवसाय होता. प्रवाहाचे काटेकोर मापन फ्रीमन येथेच शिकले. दहा वर्षांनी, १८८६ मध्ये, ते बॉस्टनच्या कारखाना म्युच्युअल विमा कंपन्यांकडे अभियंता व तपासनीस म्हणून गेले. या कंपन्या गिरणीमालकांनीच परस्परांच्या मालमत्तेचा विमा उतरविण्यासाठी काढलेल्या होत्या. त्यामुळे आगीनंतर भरपाई देण्यापेक्षा आग आटोक्यात ठेवणे त्यांना अधिक हिताचे होते.

== कापूस आणि आग ==

कापसाची आग विझविणे किती कठीण असते, हे वऱ्हाडातील वाचकास वेगळे सांगावयास नको. अकोट, तेल्हारा भागातील जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात रुईवर पडलेली ठिणगी क्षणात पृष्ठभागावरून पसरते. दाबलेल्या गाठीच्या आत शिरलेली आग मात्र वरून पाणी ओतले तरी दीर्घकाळ धुमसत राहते. अमेरिकेतील गिरण्यांपुढेही हाच प्रश्न होता. तेथे हेन्री पार्मली यांनी १८७४ मध्ये स्वयंचलित तुषारयंत्र, म्हणजे स्प्रिंकलर, बनविले आणि फ्रेडरिक ग्रिनेल यांनी पुढील दशकात ते सुधारले. उष्णतेने झाळ वितळून तोटी उघडण्याची युक्ती साधली होती. पण उघडलेल्या तोट्यांना पुरेसे पाणी पोहोचेल काय, हा प्रश्न उरलाच.

== धारेचे प्रयोग ==

फ्रीमन यांनी होज पाइप व नोझल यांतून जाणाऱ्या पाण्याचे विस्तृत प्रयोग केले. ते अमेरिकन स्थापत्य अभियंता संस्थेने १८८९ मध्ये प्रसिद्ध केले व त्यांना संस्थेचे नॉर्मन पदक मिळाले. पंपाजवळचा दाब आणि नोझलजवळचा दाब यांतील तफावत त्यांनी निरनिराळ्या होजसाठी मोजली. प्रवाह दुप्पट केला की घर्षणाने होणारी दाबाची हानी सुमारे चौपट होते. म्हणूनच पंप मोठा आणि नळ अरुंद असल्यास मोठ्या पंपाची शक्ती नळातच खर्ची पडते.

याच कामातून ‘प्रमाण धार’ रूढ झाली : सव्वा इंचापेक्षा किंचित लहान (१ १/८ इंच) गुळगुळीत नोझल, त्याच्या मुळाशी चौरस इंचाला सुमारे ४५ पौंड दाब आणि मिनिटाला २५० अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ९४६ लिटर पाणी. गिरण्यांच्या ‘अंडररायटर’ वाफपंपांची मापे ५००, ७५०, १००० व १५०० गॅलन अशी होती. ती अनुक्रमे दोन, तीन, चार व सहा धारांची मापे होत.

गोदामासाठी पंप निवडताना आजही विचाराची दिशा तीच आहे. आगीत एकाच वेळी किती क्षेत्रावरील तोट्या उघडतील हे मालाचा प्रकार व थप्पीची उंची पाहून धरावयाचे, त्यात होजचे पाणी मिळवावयाचे, आणि सर्वांत दूरच्या व उंच तोटीपाशी पुरेसा दाब उरेल असा पंप घ्यावयाचा. मधल्या नळातील हानी काढण्यासाठी हेझन व विल्यम्स यांचे १९०५ चे सूत्र वापरतात.

== शहरांचे सूत्र ==

शहरासाठी लागणाऱ्या अग्निशमन-पाण्याविषयी फ्रीमन यांनी १८९२ मध्ये निबंध लिहिला. त्यांच्या नावाचे सूत्र भारतातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी अजूनही पाठ करतात : हजारांतील लोकसंख्येला ५ ने भागून त्यात १० मिळविले की धारांची संख्या येते. वीस हजार वस्तीच्या, साधारण तेल्हाऱ्याएवढ्या, शहरास १४ धारा लागतील. आपल्या पाठ्यपुस्तकांत प्रत्येक धार ११३६.५ लिटरची धरतात, म्हणून उत्तर मिनिटाला १५,९११ लिटर येते. हा आकडा २५० ब्रिटिश गॅलनचा आहे. फ्रीमन यांचा गॅलन अमेरिकन होता. त्या हिशेबाने उत्तर सुमारे १३,२५० लिटर होते. सूत्र समुद्र ओलांडताना पाचवा हिस्सा वाढले, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. भारतीय मानकांतील मिनिटाला २२८० लिटरचा पंपही जवळपास ५०० ब्रिटिश गॅलनचाच आहे.

== उत्तरायुष्य ==

१८९६ मध्ये ते प्रॉव्हिडन्स येथील विमा कंपनीचे अध्यक्ष झाले; मात्र सल्लागार अभियंता म्हणून त्यांचे काम चालूच राहिले. शिकागोच्या इरोक्वाय नाट्यगृहात ३० डिसेंबर १९०३ रोजी लागलेल्या आगीत सुमारे ६०० माणसे दगावली. त्यानंतर फ्रीमन यांनी नाट्यगृहांच्या सुरक्षेवर विस्तृत विवेचन केले आणि रंगमंचावर धूर बाहेर सोडणारी झडपे व स्प्रिंकलर असावेत असा आग्रह धरला. सॅन फ्रान्सिस्कोसाठी हेच हेची खोऱ्यातून पाणी आणण्याचा त्यांचा १९१२ चा अहवाल वादग्रस्त ठरला. निसर्गप्रेमींचा या योजनेस तीव्र विरोध होता आणि तो निराधार नव्हता.

चीनमधील महाकालवा व पीत नदी यांच्या प्रश्नांवरही त्यांनी सल्ला दिला. नद्यांचे प्रश्न प्रतिकृतींवर अभ्यासावेत, या मतासाठी त्यांनी युरोपातील प्रयोगशाळांची माहिती अमेरिकेत आणली व तरुण अभियंत्यांना शिष्यवृत्त्या दिल्या. (पुण्याजवळ आज खडकवासल्यास असलेल्या जल संशोधन केंद्राची सुरुवात १९१६ मध्येच झाली होती.) १९३२ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, भूकंपहानी व तिचा विमा यांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील नॅशुआ येथे त्यांनी नळ व जोडांतील प्रवाहावर केलेले प्रयोग मात्र हस्तलिखितातच राहिले. ते अमेरिकन यांत्रिकी अभियंता संस्थेने १९४१ मध्ये छापले.