डॉ. थॉमस बर्नार्डो आणि एका मातेचा हक्क

थॉमस बर्नार्डो ह्यांचा जन्म १८४५ साली डब्लिन येथे झाला. मिशनरी म्हणून चीनला जाण्याच्या हेतूने ते १८६६ साली वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला आले. परंतु रस्त्यावर झोपणारी मुले पाहून तेथेच राहिले. १८७० साली त्यांनी स्टेपनी येथे मुलांसाठी निवासगृह उघडले. पुढे अनेक मुलांना खेड्यांतील कुटुंबांत पालनपोषणासाठी ठेवले. निराधार मुलाला दारातून परत पाठवायचे नाही, हा त्यांचा नियम. त्याबद्दल आम्हांस आदरच आहे.

मात्र ते कट्टर प्रोटेस्टंट होते आणि कॅथलिक घरांतील मुलेही आपल्याच पंथात वाढवीत. एका गरीब अविवाहित मातेने आपला मुलगा कॅथलिक संस्थेकडे सोपविण्याची मागणी केली. बर्नार्डो ह्यांनी नकार दिला. वाद हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १८९१ साली निकाल मातेच्या बाजूने लागला. त्या काळी अशा स्त्रीच्या इच्छेला मान मिळावा, हे आम्हांस विशेष वाटते.

त्याच वर्षी संसदेने मुलांच्या ताब्याविषयी कायदा केला. मूल टाकून देणाऱ्या पालकास ते परत न देण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. बर्नार्डो ह्यासाठी आग्रही होतेच. पण मूल परत न दिले तरी त्याला पालकाच्या धर्मात वाढविण्याचा आदेश देण्याची मुभाही त्याच कायद्यात होती!

बर्नार्डो १९०५ साली निवर्तले. इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदा व्हायला १९२६ साल उजाडले.