जोधाबाईचे जहाज

आमच्याकडे पाहुणे आले की एक दिवस दमणचा, हे ठरलेले. सायलीहून सकाळी निघायचे, मोटी दमणचा किल्ला आणि दीपगृह पाहायचे, मग पूल ओलांडून नानी दमणला यायचे. दमणगंगेच्या मुखाशी तिथे एक लहानसा किल्ला आहे. त्याच्या दरवाजावर संत जेरोमची मोठी मूर्ती नदीकडे तोंड करून उभी आहे. पलीकडे एवढा भक्कम किल्ला असताना पोर्तुगीजांनी या काठावर दुसरा कशाला बांधला, असे कोणीतरी विचारतेच. संरक्षणासाठी, असे मोघम उत्तर आम्ही बरीच वर्षे देत आलो. पुढे वाचता वाचता कळले की हा किल्ला १६१४ साली मुघलांच्या धास्तीने बांधायला घेतला आणि ती धास्ती बसली होती एका बाईच्या जहाजामुळे. ती बाई म्हणजे चित्रपटांतून आणि मालिकांतून घरोघरी पोचलेली जोधाबाई.

आधी नावाचा घोळ मिटवू. आमेरच्या राजा भारमल कछवाहाची ही मुलगी, जन्म साधारण १५४२ चा. माहेरचे नाव हरखाबाई किंवा हीरकुंवर असे सांगतात. अकबराच्या काळच्या ग्रंथांत तिला जोधाबाई कोणीच म्हटलेले नाही. जोधपूरची राजकन्या होती ती तिची सून, जहांगीराची राणी. १५६२ साली सांभर येथे हिचे अकबराशी लग्न झाले, १५६९ साली सलीम जन्मला, आणि पुढे मरियम-उज-जमानी या किताबाने ती ओळखली जाऊ लागली. आम्ही पडलो सरकारी नोकर, कागदावरचे नाव प्रमाण मानणारे. पण तुमच्या ओळखीची आहे म्हणून इथे जोधाबाईच म्हणू.

चित्रपट लग्नाच्या आसपासच संपतो. आम्हाला मात्र बाईंच्या उतारवयाचेच अधिक अप्रूप वाटते. मुलगा गादीवर आला तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या. दरबारात त्यांचा मान मोठा. बादशहाची तुला त्यांच्या वाड्यात होई, नवरोजला सरदार आपापल्या ऐपतीप्रमाणे त्यांना रत्ने नजर करीत. आग्र्यात राहिलेल्या हॉकिन्स नावाच्या इंग्रजाने नोंदवले आहे की बारा हजारांची मनसब फक्त चौघांना होती आणि त्यांतल्या एक या राजमाता होत्या. एवढा पैसा त्यांनी पेटीत बंद ठेवला नाही, व्यापारात घातला. आग्र्याजवळच्या बयान्याची नीळ तेव्हा जगभर जात असे. बाईंचा गुमास्ता तिथे नीळ खरेदी करी, ती सुरतेला येई आणि तिथून जहाजाने तांबड्या समुद्रातल्या मोखा बंदराला जाई. १६१०-११ च्या हंगामात फिंच नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने त्यांच्या गुमास्त्यावर वरचढ बोली लावून माल उचलला. बाईंनी तक्रार थेट मुलाकडे नेली. इंग्रजांचे दरबारातले वजन त्यामुळे घसरले आणि हॉकिन्सला १६११ च्या अखेरीस आग्रा सोडावे लागले.

त्यांच्या जहाजाचे नाव रहिमी. १६१२ साली इंग्रजांनी ते मोजले तेव्हा लांबी १५३ फूट आणि रुंदी ४२ फूट भरली. क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तरी वर एकवीस फूट उरतील. सुरतेच्या जहाजांत ते सर्वांत मोठ्यांपैकी होते आणि मालाबरोबर शेकडो हाज यात्रेकरूंना नेई. समुद्रावर हुकूम चाले तो नाखुद्याचा, मालकीण आग्र्यात. पण माल कोणता भरायचा आणि कोठे पाठवायचा, हा व्यवहार त्यांच्या नावाने आणि त्यांच्या जोखमीवर चाले. आणि जोखीम थोडी नव्हती. १६१२ साली मिडलटन या इंग्रज कप्तानाने इतर गुजराती जहाजांसोबत रहिमीलाही तांबड्या समुद्रात अडवून धरले आणि जबरदस्तीने मालाची अदलाबदल केली.

त्या काळी समुद्रात जायला पोर्तुगीजांचा परवाना लागे, त्याला कार्ताझ म्हणत. जहाज कोणाचे, कोठे निघाले, हत्यारे किती, हे सगळे त्यात लिहिलेले असे. त्यावर येशू आणि मेरीची चित्रे असत, म्हणून असा परवाना घेऊन हाजला जावे की नाही यावर मौलवींचा वादही झाला होता. आम्ही रोज हद्द ओलांडून महाराष्ट्रात नोकरीला जातो. कागद जवळ असले की मन निर्धास्त असते. रहिमीकडेही परवाना होता. तरीही १६१३ च्या सप्टेंबरात पोर्तुगीजांनी ती सुरतेजवळ पकडली आणि माल व सहा-सातशे माणसांसकट गोव्याला नेली. सुरतेत मुघल इंग्रजांना थारा देऊ लागले, हा त्यांचा राग. परवान्याच्या जोरावर शंभरेक वर्षे दर्यावर हुकमत गाजवणाऱ्यांनी स्वतःचाच परवाना पायदळी तुडवला! जहाज परत मागितले तर त्यालाही नकार.

तेव्हा बाईंनी सत्तरी ओलांडली होती. मुलाने मग काही बाकी ठेवले नाही. सुरतेतून होणारी पोर्तुगीजांची वाहतूक बंद झाली, मुलखातले पोर्तुगीज धरले गेले, आग्र्याचे चर्च बंद झाले, पाद्र्यांचे तनखे थांबले. आणि मुकर्रबखानाला हुकूम गेला की दमण घ्या. दमण पडले नाही, पण नदीच्या या काठावर दुसरा किल्ला हवा हे पोर्तुगीजांना पटले. तो पूर्ण व्हायला १६२७ साल उजाडले. १६१५ च्या उन्हाळ्यात तह झाला, तोपर्यंत इंग्रजांनी सुरतेजवळ सुवाळीच्या समुद्रात पोर्तुगीज आरमाराला रोखून दाखवले होते. त्याच वर्षी टॉमस रो हा इंग्रज राजाचा वकील सुरतेला उतरला. एका जहाजापायी इंग्रजी राज्य आले असे आम्ही म्हणणार नाही, पण त्यांना शिरायला फट मिळाली, हे खरे.

आपल्या नगर हवेलीची गोष्टही जहाजाचीच आहे, हे वाचकांतल्या जुन्या मंडळींना माहीत असेल. १७७२ साली मराठी आरमाराने पोर्तुगीजांचे सांताना जहाज बुडवले आणि त्याच्या भरपाईत १७८३ साली हा मुलूख त्यांच्या हाती गेला. तो सोडवायला १९५४ चा ऑगस्ट उजाडावा लागला.

बाईंच्या त्याच वर्षांतल्या दोन वास्तू उभ्या आहेत. लाहोरची बेगमशाही मशीद आणि बयान्याजवळची पायऱ्यांची विहीर. विहीर १६१२-१३ ची आहे, म्हणजे इकडे रहिमीवर संकटे येत असतानाच तिकडे निळीच्या वाटेवर वाटसरूंसाठी पाण्याची सोय होत होती. सुरतेहून जहाजे सोडायची घराण्यातली रीतही पुढे चालली. नात्याने पणती लागणारी जहाँआरा हिचे साहिबी हे जहाज १६४३ साली निघाले.

बाई १६२३ च्या मे महिन्यात आग्र्यात गेल्या. सिकंदऱ्याला अकबराची कबर पाहून बहुतेक सहली तिथूनच माघारी फिरतात. त्यांची कबर तिथून अगदी जवळ आहे. रिक्षावाल्याला मरियमचा मकबरा म्हणून सांगावे. आत गर्दी नसते, निवांत पाहता येते.