डॉ. रामोन इ काहाल : मज्जापेशींचा चित्रकार



तुमच्या वर्गात असा एखादा मुलगा असेलच, की ज्याच्या वहीत धड्यांपेक्षा चित्रेच अधिक असतात. शिक्षक त्याच्यावर रागावतात, घरी वडील कान धरतात. अशाच एका मुलाची ही हकिकत आहे. आपला मेंदू कसा बांधलेला आहे, हे जगाला त्याने दाखवून दिले.

सांतियागो रामोन इ काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी स्पेन देशातील पेतिया दे आरागोन या डोंगरी खेड्यात झाला. वडील हुस्तो रामोन गरिबीतून, स्वकष्टाने डॉक्टर झालेले. त्यामुळे मुलानेही डॉक्टरच व्हावे हा त्यांचा हट्ट. मुलाला मात्र एकच वेड होते, चित्रकलेचे. कागद मिळाला नाही तर तो भिंतीवर रेघोट्या ओढी. वडिलांना हे रिकामटेकडेपणाचे लक्षण वाटे. एकदा गावातील चर्चच्या भिंती रंगवायला एक कारागीर आला होता. वडिलांनी मुलाचे चित्र त्याला दाखवून निकाल मागितला. या मुलाच्या हातात कला नाही, असे त्याने सांगून टाकले. झाले, रंग आणि कागद जप्त! भिंतीला गिलावा करणाऱ्याच्या शब्दावर मुलाचे भवितव्य ठरवावे, याचे मला नेहमी नवल वाटते. पण पालकहो, आपणही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मतावर मुलांची लाइन ठरवतोच की!

पुढे सांतियागोला ख्रिस्ती धर्मगुरूंच्या शाळेत घातले. तिथे लॅटिनची घोकंपट्टी, छडी आणि उपाशीपोटी कोंडून ठेवणे. मुलगा सुधारला नाही, उलट बिघडला. अकराव्या वर्षी त्याने घरीच एक तोफ बनवली आणि शेजाऱ्याचे फाटक उडवून दिले. त्याबद्दल त्याला काही दिवस कोठडीची हवा खावी लागली. कंटाळून वडिलांनी त्याला आधी न्हाव्याच्या दुकानात आणि मग जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीला ठेवले. जोड्यांच्या कामात मात्र त्याचा हात चांगलाच बसला.

१८६८ च्या उन्हाळ्यात वडिलांना एक युक्ती सुचली. जुन्या कबरस्तानात उघड्यावर पडलेली हाडे गोळा करून त्यांनी मुलाला घरीच शरीररचना शिकवायला घेतली. हाडे पाहून त्यांची चित्रे काढायची होती! मुलगा रमला. वडिलांनी जी कला बंद करू पाहिली, तिच्याच वाटेने तो वैद्यकाकडे वळला. १८७३ मध्ये सारागोसा येथे तो डॉक्टर झाला.

लष्करी डॉक्टर म्हणून काहाल क्यूबात गेले आणि मलेरियाने खंगून १८७५ मध्ये परतले. पगारातून जे शिल्लक राहिले, त्यातून त्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्र घेतले. १८७९ मध्ये सिल्व्हेरिया यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलाबाळांचा मोठा संसार आणि प्रयोगाचा खर्च या बाईंनी तुटपुंज्या पगारात निभावून नेला. १८८५ च्या कॉलऱ्याच्या साथीत काहाल यांनी केलेल्या कामाबद्दल सारागोसा प्रांताच्या सरकारने त्यांना झाइस कंपनीचे उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिले.

आता मुख्य गोष्ट नीट समजून घ्या. तुमचे पाऊल काट्यावर पडले, की तुम्ही ते चटकन मागे घेता. टोचल्याचा संदेश मज्जातंतूंतून पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूकडे जातो आणि तिथून स्नायूंना हुकूम सुटतो. पण हे तंतू आहेत तरी कसे? त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ मानीत, की सारी मज्जासंस्था कोळ्याच्या जाळ्यासारखी सलग आहे. तंतू इतके दाट आणि गुंतलेले, की एकाचा शेवट कुठे आणि दुसऱ्याची सुरुवात कुठे हे दिसतच नसे.

इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने पेशी काळ्या रंगविण्याची रीत शोधली होती. तिचा गुण असा, की पुष्कळ पेशींपैकी थोड्याच रंगतात, पण रंगतात त्या फांद्यांसकट. १८८७ मध्ये माद्रिदला डॉ. सिमारो यांच्या घरी काहाल यांनी अशी काचपट्टी पाहिली आणि त्यांना ध्यासच लागला. रीत लहरी होती. कधी रंग चढे, कधी नाही. काहाल यांनी तिच्यात सुधारणा केली आणि अंड्यातील पिल्ले व नवजात प्राणी यांचे मेंदू तपासले. कोवळ्या तंतूंवर अजून स्निग्ध वेष्टन चढलेले नसते, म्हणून रंग पूर्ण बसतो. दाट रानात वाट दिसत नसेल, तर आधी रोपे पाहावीत, तसे हे. १८८८ मध्ये बार्सिलोना येथे त्यांना दिसले, की प्रत्येक मज्जापेशी स्वतंत्र आहे. तिच्या फांद्या दुसरीच्या अगदी जवळ जातात, पण एकजीव होत नाहीत. संदेश आखूड फांद्यांतून आत येतो आणि एका लांब तंतूतून बाहेर जातो.

हे छापणार कोण? त्यांनी पदरच्या पैशाने नियतकालिक काढले आणि त्याच्या अवघ्या ६० प्रती देशोदेशी पाठवल्या. स्पॅनिश कुणी वाचेना. तेव्हा ऑक्टोबर १८८९ मध्ये ते काचपट्ट्या घेऊन बर्लिनच्या शास्त्रज्ञांच्या सभेला गेले. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये एकेकाला बोलावून ते सूक्ष्मदर्शकात डोकवायला लावू लागले. जर्मनीचे वयोवृद्ध पंडित क्योलिकर यांनी पाहिले आणि त्यांचे मत बदलले. पुढे या पेशीला न्यूरॉन हे नाव १८९१ मध्ये वाल्डायर यांनी दिले.

काहाल यांनी बेडूक, सरडा, उंदीर आणि माणूस यांच्या मेंदूतील पेशी शेजारी शेजारी काढून दाखवल्या. घडण एकच, पण माणसाकडे येता येता फांद्यांचा पसारा वाढत गेलेला. प्राणिमात्राच्या उत्क्रांतीचा हा पुरावा एका चित्रात मावतो. मानवी मेंदूत अशा सुमारे ८६ अब्ज पेशी आहेत, असा आजचा अंदाज आहे.

१९०६ चे नोबेल पारितोषिक गोल्जी आणि काहाल यांना विभागून मिळाले. गंमत पाहा, स्टॉकहोमच्या व्यासपीठावर गोल्जींनी आपल्या भाषणात काहाल यांचाच सिद्धांत खोडून काढण्याचा प्रयत्न केला. ज्यांच्या रीतीने सत्य दिसले, त्यांनाच ते शेवटपर्यंत पटले नाही. काहाल यांनी आपले भाषण पुराव्यांनिशी केले, आणि गोल्जींच्या रीतीचे ऋण ते मान्य करीत राहिले.

१७ ऑक्टोबर १९३४ रोजी माद्रिद येथे काहाल निवर्तले. दोन पेशींमधील फट त्यांनी प्रत्यक्ष पाहिली नव्हती. त्यांच्या यंत्रात ती दिसणे शक्यच नव्हते. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ती दिसली. एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले, तर त्यातील सुमारे वीस भागांएवढी ती आहे. आणि हाताने काढलेली त्यांची चित्रे मज्जाशास्त्राच्या पुस्तकांतून आजही छापली जातात.