भिंतीवरची भूमिती : एशर

शालान्त परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला, गणितात कच्चा असा एक विद्यार्थी पुढे गणितज्ञांचा आवडता चित्रकार ठरला. मॉरिट्स एशर यांचा जन्म १८९८ साली नेदरलँड्समधील लेवार्डन येथे झाला. इटलीतील डोंगर व गावे हे त्यांच्या मुद्राचित्रांचे विषय होते. फॅसिस्ट राजवटीला विटून १९३५ साली त्यांनी तो देश सोडला आणि त्यांचा विषयच हरपला. स्वित्झर्लंडच्या बर्फात मन रमेना.

स्पेनमधील आल्हम्ब्रा हा मुस्लिम राजवाडा त्यांनी १९२२ साली पाहिला होता. १९३६ साली ते तेथे पुन्हा गेले आणि भिंतींवरील रंगीत फरश्यांची नक्षी पत्नी येटा यांच्यासह उतरवून घेऊ लागले. एकच आकृती कोठेही फट न ठेवता सारी भिंत कशी व्यापते, या कोड्याने त्यांना झपाटले. भूशास्त्रज्ञ बंधू बेरेंट यांनी गणितज्ञ पोल्या यांचा १९२४ चा निबंध दाखविला. त्यातील १७ आकृतिबंध एशर यांनी वहीत गिरविले. सिद्धांत अगम्य राहिला, नियम मात्र हाताला उमगले. १९३८ च्या ‘दिवस आणि रात्र’ या चित्रात शेतांचेच पक्षी झाले. १९५४ साली गणितज्ञांच्या जागतिक परिषदेनिमित्त अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले. १९७२ साली ते निवर्तले.

जुना संचय त्याच्यापुढे वही उघडून बसणाऱ्याला फळतो. शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या या वाचनालयाला हे निराळे सांगणे नलगे.