चित्रकार साधु फ्रा आंजेलिको

इटलींतील फ्लॉरेन्स नगराच्या उत्तरेस मुजेल्लो नांवाचें खोरें आहे. तेथें सुमारें १३९५ सालीं ग्वीदो नांवाचा एक मुलगा जन्मला. हेच पुढें फ्रा आंजेलिको म्हणून जगास ठाऊक झाले. आंजेलिको म्हणजे देवदूततुल्य. ही पदवी मात्र लोकांनीं त्यांस मरणोत्तर दिली. १४१७ सालच्या दप्तरांत चित्रकार म्हणून त्यांचा उल्लेख सांपडतो. १४२३ पर्यंत त्यांनीं फिएसोले येथील डोमिनिकन मठांत प्रवेश करून निर्धनतेचें व्रत घेतलें होतें.

व्रत निर्धनतेचें आणि हातीं सदैव सोनें! कारण त्या काळीं वेदीवरील चित्र सोन्यावांचून सहसा होत नसे. पॉप्लर झाडाच्या फळ्या जोडून त्यांवर सरस चढवीत, वर तलम कापड चिकटवीत, आणि मग जिप्समची पूड सरसांत कालवून थरावर थर देत. ते खरवडून पृष्ठभाग हस्तिदंतासारखा गुळगुळीत झाला, म्हणजे तांबड्या मातीचा हात देऊन सोन्याचा वर्ख बसवीत व घोटून चमकावीत. रंग अंड्याच्या बलकांत कालवावयाचे. ते पाहतां पाहतां वाळत, म्हणून केसासारख्या बारीक रेघा शेजारींशेजारीं ओढूनच छटा साधावी लागे. चेहऱ्यास आधीं हिरव्या मातीचा लेप देत, हें वाचून आमच्या विद्यार्थ्यांस नवल वाटेल. पवित्र मरीयेच्या झग्याचा निळा रंग तर अफगाणिस्तानांतील बदक्षाणच्या लाजवर्द दगडापासून निघे. त्याच्या जागीं तांब्याच्या खनिजाचा स्वस्त रंग खपविणें लबाड चित्रकारास अवघड नव्हतें; म्हणून गिऱ्हाइकें करारांत रंगाचा दर्जा लिहून घेत.

१४३३ सालीं फ्लॉरेन्सच्या कापडवाल्यांच्या संघानें फ्रा आंजेलिको यांस दारें असलेलें एक भव्य वेदीचित्र सांगितलें. सोनें, निळा रंग व रुपें आंतबाहेर उत्तमांतलें उत्तम असावें, अशी अट होती. मोबदला १९० सुवर्ण फ्लोरिन, अथवा चित्रकाराच्या सदसद्विवेकबुद्धीस त्याहून कमी योग्य वाटेल तितका! कापडाचा गज न् गज मोजून देणाऱ्या व्यापाऱ्यांनीं किंमत दुसऱ्याच्या मनावर सोपवावी, ही गोष्ट लहान नव्हे. या चित्राची संगमरवरी चौकट गिबेर्ती या शिल्पकाराच्या योजनेवरून झाली. मध्यभागीं मरीया व बाल येशू असून भोंवतीं बारा देवदूत वाद्यें वाजवीत आहेत. नाताळच्या भेटकार्डांवर ते पुष्कळांनीं पाहिले असतील.

पुढें त्यांनीं फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठाच्या भिंती रंगविल्या. १४४५ च्या सुमारास पोपनें त्यांस रोमला बोलाविलें. तेथेंच १४५५ सालीं त्यांचें देहावसान झालें. कापडवाल्यांचें तें वेदीचित्र आज सान मार्कोच्या संग्रहालयांत आहे.