रॉड, बादली आणि जूलसाहेब

हॉस्टेलवर राहणाऱ्या माणसाला थंडी कधी सुरू झाली हे कॅलेंडर बघून कळत नाही. बाथरूमसमोर बादल्यांची रांग लागली, पाठोपाठ अख्ख्या मजल्याची लाईट गेली आणि कोणाचा रॉड चालू आहे रे म्हणून बोंब उठली, की समजायचं, थंडी आली!

आमच्या खोलीत आम्ही तिघं. सेकंड इयरला तिघांनी वर्गणी काढून एक हजार वॅटचा रॉड घेतला. नोव्हेंबरात पहिला गेला, डिसेंबरात दुसरा. तिसरा मात्र जाता जाता आमच्या रूम पार्टनरलाच घेऊन जात होता. पाणी कितपत तापलंय बघायला पठ्ठ्याने बटण चालू असतानाच बादलीत हात घातला आणि भिंतीवर जाऊन आदळला. पायात स्लीपर होती, बादली प्लॅस्टिकची होती, म्हणून वाचला. दुसऱ्या दिवशी रेक्टर सरांनी सगळ्या खोल्यांतले रॉड जप्त केले. आम्ही सगळे रेक्टर सरांवर चिडलो. आज कबूल करतो, चूक आमची होती.

जप्त रॉडांचा ढीग वायरमन काकांकडे गेला. काकांनी आमचा मेलेला रॉड पक्कडीने फोडून दाखवला. वरून पांढरट, खडबडीत थर. तो आपल्या बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा. खाली धातूची नळी. नळीत घट्ट दाबून भरलेली पांढरी पावडर, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साईड. ती उष्णता बाहेर जाऊ देते, करंट जाऊ देत नाही. आणि मधोमध केसासारख्या तारेची कॉईल, एकाच जागी तुटलेली. बाकी सगळी तार शाबूत! काकांचं म्हणणं असं की रॉड कधी सगळा मरत नाही, एका जागी मरतो. असं का, ते मी शोधायला गेलो आणि शेवटी पोहोचलो अकरावीपासून पाठ केलेल्या एका सूत्रापाशी. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स गुणिले वेळ. जूलचा नियम.

आपल्याला जूल म्हणजे काय माहीत असतं? उत्तराच्या शेवटी लिहायचा 'जे'. तो विसरला तर अर्धा मार्क कापला जातो. त्या 'जे'च्या मागे एक लाजाळू, आजारी, कॉलेजची पायरी न चढलेला माणूस आहे हे मला लायब्ररीत बसल्यावर कळलं. त्याचीच ही गोष्ट.

जेम्स प्रेस्कॉट जूलचा जन्म 24 डिसेंबर 1818 रोजी इंग्लंडमध्ये मँचेस्टरला खेटून असलेल्या सॉलफर्ड गावी झाला. वडिलांचा बिअर गाळण्याचा मोठा कारखाना होता, त्यामुळे घरात पैशाला तोटा नव्हता. पण पोरगं नाजूक. पाठीच्या कण्याचं दुखणं, स्वभाव बुजरा. शाळेत पाठवण्याऐवजी घरीच मास्तर ठेवले. 1834 साली त्याला आणि त्याच्या मोठ्या भावाला एका म्हाताऱ्या गुरुजींकडे शिकवणीला धाडलं. हे गुरुजी म्हणजे अणुसिद्धांतवाला जॉन डाल्टन! आता डाल्टनने रसायनशास्त्रातलं काहीतरी भारी शिकवलं असेल असं तुम्हाला वाटेल. पण त्यांनी सुरुवात केली अंकगणित आणि भूमितीपासून. 1837 मध्ये डाल्टनना पक्षाघाताचा झटका आला आणि शिकवणी संपली. जूलचं औपचारिक म्हणावं असं शिक्षण साधारण एवढंच. डिग्री नाही, विद्यापीठ नाही.

दोघा भावांना विजेचं वेड लागलं. एकमेकांना आणि घरातल्या नोकरांनाही शॉक देऊन बघायचे असं सांगतात. (आमचा पार्टनर हे वाचून म्हणेल की ही परंपरा जुनीच आहे!) मग जेम्स कारखान्याच्या कामात लागला. दिवसा कारखाना आणि सकाळ-संध्याकाळ वडिलांनी घरात करून दिलेल्या प्रयोगशाळेत प्रयोग. कारखान्याने त्याला एक गोष्ट दिली, ती म्हणजे तापमान बारकाईने मोजायची सवय. बिअर गाळताना एक-दोन अंश इकडेतिकडे झाले की माल बिघडतो.

त्याच्यासमोरचा पहिला प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही साखर कारखान्याच्या चीफ इंजिनिअरला पडेल असाच होता. वाफेच्या इंजिनाऐवजी विजेची मोटर लावली तर परवडेल का? तेव्हा वीज मिळायची बॅटरीतून, आणि बॅटरीत खर्ची पडायचं जस्त. हिशेब केल्यावर दिसलं की एक पौंड जस्तापेक्षा एक पौंड कोळसा कितीतरी जास्त काम करतो, आणि जस्त महाग. म्हणजे मोटरचं स्वप्न बुडालं. पण हिशेब करता करता त्याचं लक्ष गेलं तापणाऱ्या तारेकडे.

1840 साली त्याने काय केलं बघा. काचेच्या नळीवर तार गुंडाळली, ती पाण्याच्या भांड्यात बुडवली, करंट सोडला आणि पाणी किती तापतं ते थर्मामीटरने मोजलं. करंट मोजायला स्वतः बनवलेला गॅल्व्हानोमीटर. वाचता वाचता मी थबकलो. अरे, हा तर आपलाच रॉड आणि आपलीच बादली! फरक इतकाच की आपण पाणी तापवून आंघोळ करतो आणि त्याने आकडे लिहून ठेवले. करंट दुप्पट केला की उष्णता दुप्पट नाही, चौपट होते, हे त्यातून निघालं. तेव्हा तो जेमतेम बावीस वर्षांचा होता. म्हणजे आपल्या बी.ई.च्या पोराएवढा. निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला. त्यांनी फक्त सारांश छापला. पूर्ण निबंध 1841 मध्ये दुसऱ्या एका नियतकालिकात आला. रशियात लेंझनेही स्वतंत्रपणे हाच नियम काढला, म्हणून काही पुस्तकांत जूल-लेंझ असं जोडनाव दिसतं.

यानंतरची काही वर्षं म्हणजे नुसती उपेक्षा. त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ उष्णता हा एक प्रकारचा न दिसणारा द्रव आहे असं मानत. जूल सांगत होता की उष्णता हा पदार्थ नाही, तो कामाचाच दुसरा अवतार आहे. अमुक काम केलं की तमुक उष्णता मिळणारच. ऑगस्ट 1843 मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरी परिषदेत त्याने हे मांडलं. सभागृहात शांतता. 1844 मध्ये हवेच्या दाबावरचा निबंध रॉयल सोसायटीने नाकारला. पण कारखान्यातला हा माणूस खचला नाही. त्याने पाण्याच्या भांड्यात पितळी वल्ह्यांचं चाक बसवलं, ते दोरीला टांगलेल्या वजनांनी फिरवलं. वजनं खाली आली की पुन्हा वर गुंडाळायची, पुन्हा सोडायची. असं वीस वेळा केल्यावर पाणी तापायचं किती? साधारण अर्धा अंश फॅरनहाइट! मँचेस्टरच्या डान्सर नावाच्या कारागिराकडून त्याने थर्मामीटर बनवून घेतले होते आणि अंशाचा दोनशेवा भाग वाचतो असा त्याचा दावा होता. लोकांचा विश्वास बसायचा नाही तो यामुळेच.

एप्रिल 1847 मध्ये त्याने हे सगळं मँचेस्टरच्या एका चर्चच्या वाचनालयात सामान्य लोकांसमोर सांगितलं. ते व्याख्यान तिथल्या स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलं. मग जूनमध्ये ऑक्सफर्डची परिषद. तिथे त्याला निबंध वाचायला दिलाच नाही. तोंडी, थोडक्यात आटपायला सांगितलं. तो बोलला, आणि विषय तिथेच संपायचा. पण श्रोत्यांत तेवीस वर्षांचा एक प्राध्यापक होता, विल्यम थॉमसन. हाच पुढचा लॉर्ड केल्विन. त्याला पटलं नव्हतं, पण यात काहीतरी आहे एवढं उमगलं. एका माणसाने नीट ऐकलं आणि चित्र पालटलं.

त्याच ऑगस्टमध्ये जूलचं अमेलिया ग्राइम्सशी लग्न झालं. जोडपं आल्प्सकडे फिरायला गेलं, तर तिथे योगायोगाने थॉमसन भेटला. धबधब्याचं पाणी खाली पडल्यावर वरच्यापेक्षा किंचित गरम असलं पाहिजे, हे दोघांनी मोजायचं ठरवलं. मधुचंद्राला थर्मामीटर! पण पाण्याचे तुषार इतके उडत होते की मोजमाप काही जमलं नाही.

पुढे फॅरेडेने जूलचा निबंध रॉयल सोसायटीपुढे मांडला. 1850 मध्ये त्याच सोसायटीने त्याला फेलो केलं. 1870 मध्ये तिचं सर्वोच्च कोपली पदक दिलं. थॉमसनबरोबर त्याने वायूंवर काम केलं. फ्रिज आणि वायू द्रवरूप करण्याच्या यंत्रांच्या संदर्भात आपण जो जूल-थॉमसन परिणाम शिकतो, तो त्यातलाच.

घरात मात्र दुःख वाढून ठेवलेलं होतं. 1854 मध्ये अमेलिया गेली, त्याच सुमारास तान्हं मूलही गेलं. मागे एक मुलगा, एक मुलगी. कारखानाही सुटला. जूल आणखी एकलकोंडा झाला, प्रयोग मात्र सुटले नाहीत. स्वतःचा पैसा प्रयोगांत घालणारा हा माणूस उतारवयात इतका अडचणीत आला की 1878 मध्ये सरकारने वर्षाला 200 पौंडांची पेन्शन दिली. 11 ऑक्टोबर 1889 रोजी तो वारला. त्याच वर्षी पॅरिसच्या वीज परिषदेत ऊर्जेच्या एककाला त्याचं नाव मिळालं. त्याच्या थडग्यावर एक आकडा कोरलाय, 772.55. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइट तापवायला किती फूट-पौंड काम लागतं, तो हा आकडा. आजचा आकडा 778 च्या आसपास आहे. दोरी, वजनं आणि वल्ह्यांवर चूक एक टक्क्याच्याही आत!

आता परत आपल्या रॉडकडे. काकांच्या म्हणण्याचा अर्थ जूलच्या सूत्रात आहे. कॉईलमध्ये करंट सगळीकडे सारखा. पण तार कुठे जरा बारीक झाली, तर तिथला रेझिस्टन्स जास्त, म्हणून उष्णताही तिथेच जास्त. जास्त तापली की जास्त गंजते, आणखी बारीक होते, आणखी तापते. शेवटी तिथेच तुटते. साधी लोखंडी तार तर लाल होताच हवेत भराभर जळून जाते. म्हणून जूलचा नियम 1840 चा असला तरी टिकाऊ हीटर मिळायला 1906 साल उजाडावं लागलं. त्या वर्षी अमेरिकेत अल्बर्ट मार्शने निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. तेच आपलं नायक्रोम. ते तापल्यावर वर क्रोमियम ऑक्साईडचा चिवट पापुद्रा धरतं आणि तोच आतल्या धातूचं रक्षण करतो. वारंवार चालू-बंद केलं की पापुद्र्याला तडे जातात आणि आयुष्य घटतं.

क्षाराचा थर चढला तरी तार प्रत्येक सेकंदाला तेवढीच उष्णता देत राहते. ती बाहेर पडायला अडथळा आला की आतलं तापमान चढतं. पाण्याबाहेर चालू राहिलेला रॉड तर मिनिटा-दोन मिनिटांत जातो. व्होल्टेजचंही तसंच. 230 चं रात्री 260 झालं तर पॉवर सुमारे 28 टक्के वाढते. नळीला चीर पडून पावडरीत ओल गेली की करंट पाण्यात उतरतो. आमच्या पार्टनरला बसला तो हाच. परदेशात मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर असतं. त्यातल्या छोट्या टाकीचा हीटरही याच कारणांनी मरतो, टाकी कोरडी असताना बटण दाबलं जाणं आणि क्षार. नियम मँचेस्टरला, मोटरहोममध्ये आणि नगर जिल्ह्यातल्या हॉस्टेलात एकच!

एक गंमत सांगतो. 15 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला सुमारे 1570 किलोजूल लागतात. हजार वॅटच्या रॉडला 26 मिनिटं. तेवढ्याच ऊर्जेत 60 किलोचा मुलगा तीन मीटरचे जवळजवळ 890 मजले चढेल. हे कळल्यापासून मी पाणी सांडत नाही.

मी अकोले तालुक्यातला. रंधा धबधबा आम्हाला घरचा. गेल्या पावसाळ्यात मी लॅबचा थर्मामीटर घेऊन तिथे गेलो. उंची 50 मीटर धरली तर पाणी 0.12 अंशाने तापायला हवं, आणि माझ्या थर्मामीटरवर सगळ्यात लहान खूण एक अंशाची! शिवाय तुषारांनी मीच भिजलो. काही मोजता आलं नाही. पण जूललाही आलं नव्हतं, हे आठवून बरं वाटलं.

मित्रांनो, हे सगळं मी का लिहितोय? माझं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालं. सेकंड इयरच्या पहिल्या सेमिनारला इंग्रजीत अडखळलो, वर्गात हशा झाला, लवकर आटप म्हणून सांगितलं गेलं. त्या रात्री बॅग भरली होती. सकाळची पहिली एस.टी. पकडून घरी जायचं आणि परत यायचं नाही, असं ठरवलं होतं. पार्टनरने बॅग लपवली म्हणून राहिलो. नंतर ऑक्सफर्डच्या सभेची हकीकत वाचली, तेव्हा वाटलं, थोडक्यात आटप असं जगातल्या मोठ्या माणसालाही सांगितलं गेलंय. त्याने आटपलं, पण मोजणं थांबवलं नाही. यंदा मी त्याच वर्गात 'हीटर का मरतो' यावर सेमिनार दिला. अडखळलो, पण या वेळी फुटलेला रॉड हातात होता. पहिल्या बाकावर वायरमन काका येऊन बसले होते.

तेव्हा ज्यांच्या कॉलेजात परवानगी असेल त्यांनी एवढं करा. रॉड आधी खुणेपर्यंत पाण्यात, मग बटण. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मगच पाण्यात हात. महिन्याकाठी व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवून क्षार काढा. मजल्यावर 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्या. आणि वर्गात कोणी अडखळत असेल, तर हसण्याआधी थॉमसनसारखं एकदा नीट ऐका.

(तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)